मिकोच्या नावाने

सारसतळे राखीव वस्ती
२ ऑगस्ट १९०८

चि. मिको यास,
कॅरोलीन पियेसिसचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, लिहायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

कुत्र्याला पत्र लिहिणारी म्हातारी म्हणून लोक हसतील तर हसोत. तुझा धनी सायलस माझा जावई. नऊ वर्षं तो माझ्या शेजारच्या घरात राहिला. माझं सरपण फोडलं, मूस हरीण मारलं की त्याची जीभ आधी माझ्याकडे धाडली. आणि या नऊ वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, की एकमेकांचं तोंड धड पाहिलं नाही. आपल्यात सासू-जावयाने असंच राहायचं असतं. मी आले की तो पाठ फिरवून बसायचा आणि मी शाल डोक्यावरून पुढे ओढायची. काय सांगायचं ते मी लेकीला सांगायची आणि फ्लोरा त्याला. तो चार हातांच्या अंतरावर बसलेला असे, सगळं ऐकत असे, तरी फ्लोरा शब्दन् शब्द परत म्हणायची आणि पदरचं घालायची. सरपण ओलं आहे एवढंच मी म्हणायची. त्याच्या डोक्यासारखं, हे तिचं.

आता फ्लोरा पंधरा दिवस मातीखाली आहे. म्हणून हे तुला लिहिते. लेकी बोले सुने लागे, ही काही मी काढलेली नवी रीत नाही. तू ऐक, आणि शेजारी बसलेल्याच्या कानावर पडलं तर पडू दे.

तुझा धनी कुरणातून पळाला तेव्हा फ्लोरा जिवंत होती. तिचं पुढे काय झालं ते त्याला कळायला हवं. शेजारच्या गोऱ्या कुरणवाल्याचे, रँकिनचे, स्वार ओढ्याअलीकडे येऊन ही जागा तहात आपल्याला राखून दिलेल्या हद्दीत नाही, गवत आमचं आहे, असं ओरडायला लागले, तेव्हा ती दाताळं घेऊन गंजीपुढे उभी राहिली. हर्बर्ट नावाच्या त्या स्वाराने घोडा तिच्या अंगावर घातला. मला वाटलं, भीती दाखवतोय. ती पडली तेव्हा त्याने घोडा वळवला आणि परत घातला. दुसऱ्यांदा मी तिची बरगडी मोडल्याचा आवाज ऐकला. मग तुझा धनी लांब दांड्याचा विळा घेऊन धावत आला, ते तू पाहिलंस. तुम्ही दोघं लव्हाळ्यांत शिरल्यावर मी तिला मांडीवर घेतलं. तिच्या तोंडातून फेसाळ रक्त येत होतं. तिने दोनदा सायलस कुठे विचारलं. मी म्हटलं, पाणी आणायला गेला. संपायला तिला दुपार लागली. वेदना नव्हत्या असं मी सांगणार नाही, होत्या.

हर्बर्ट तिसऱ्या दिवशी मेला. मांडी हाडापर्यंत कापली गेली होती. पोलिसांनी माझं घर उलथंपालथं केलं, पिठाचं पोतं फाडून अंगणात ओतलं. तुझा धनी कुठे म्हणून विचारत होते. जावयाचं तोंड मी कधी पाहिलं नाही, तो कुठे जातो ते मला काय ठाऊक, असं सांगितलं. दुभाष्याला हसू आलं, त्याला ढुसणी बसली.

म्हातारा जोनास बेटाजवळची जाळी बघायला येतो, त्याच्या मासळीच्या बादलीत हे पत्र ठेवते. पोलिसांना आपली लिपी वाचता येत नाही. धन्याची राखण कर. तो अंडी कच्ची खातो, खाऊ देऊ नकोस.

तुझ्यावर लोभ आहेच, तो आता दोघांना पुरव.
कॅरोलीन

---

बेट
९ ऑगस्ट

सौ. किटलीस,
सायलस वापोसचा सा. न. वि. वि.

मिकोला आलेलं पत्र त्याने मला दाखवलं. उत्तर कुणाला लिहावं हा प्रश्न होता. तू दिवसभर बाईंच्या चुलीवर असतेस, तोंडही उघडं असतं, म्हणून तुझ्यावर हे काम टाकतो. बाईंना माझा नमस्कार सांग.

पत्र मी रोज एकदा वाचतो. पाणी आणायला गेला, हे बाई म्हणाल्या ते बरं केलं.

तो माणूस मेला याचं मला काही वाटत नाही, असं मला आधी वाटत होतं. आता विळ्याचा तो ओढा हातात परत परत येतो. ओल्या गवतातून विळा जसा जातो तसाच गेला, फक्त शेवटी हाडाला अडला. तो घोड्यावरून डोक्यावर पडला आणि आईला हाका मारायला लागला. मी विळा दुसऱ्यांदा उचलला होता. बाईंची किंकाळी ऐकली म्हणून खाली टाकला.

पण किटले, हर्बर्ट म्हणजे नुसतं घोड्याचं वजन. फ्लोराला मारणारा दुसराच आहे. मोजणीच्या वेळी माझ्या बापाने साहेबाची साखळी धरली होती. मी सहा वर्षांचा असताना त्याने मला हद्दीचा खुंट दाखवला होता. ओढ्यापलीकडे, वाळुंजांच्या जाळीत. चार बाजूंना चार खड्डे, मध्ये मातीचा उंचवटा, त्यात चौकोनी लोखंड आणि लोखंडावर राजाचा मुकुट. बाप म्हणाला होता, राजाने तहात एवढंच दिलं, हे विसरू नकोस. त्या दिवशी गवत कापायच्या आधी मी जाऊन पाहिलं. उंचवटा सपाट केलेला, खड्डे बुजवलेले, लोखंड नाही. आणि ओढ्याअलीकडे नवी लाकडी खुंटी ठोकलेली. ही जाळी गोऱ्या माणसाला दहा वर्षं शोधून सापडली नसती. कुणीतरी आपल्याने बोट धरून दाखवली.

तो कोण, एवढं बाईंनी विचारून काढावं. गावात सगळे त्यांना भितात, कुणीतरी बोलेल. त्याचं नाव कळलं की मी बेटावरून एकदा बाहेर येईन, त्याचा गळा चिरीन आणि तिथून चालत पोलिसांकडे जाईन. हे मी रागाने लिहीत नाही. बसून विचार करून लिहितो.

मेहुण्याला माझा रामराम. एनॉकला सांग, त्याच्यासारखं नाक असलेला एक पाणकोंबडा इथे रोज येतो, मी त्याला भाजीन म्हणतो पण नातं आडवं येतं. रँकिनची चाकरी त्याने सोडली असेल, अशी आशा आहे. बाईंना आता तो एकच.

बाईंचा लोभ शब्दांवाचून कळतो, तसाच राहू दे.
सायलस

---

सारसतळे
१४ ऑगस्ट

चि. एनॉक,
आशीर्वाद शेवटी देईन, देववला तर.

काल मी किटली खाली उतरवली आणि ती ज्या सळईला टांगते ती सळई राखेने घासायला घेतली. वर्षभर घासली नव्हती. गेल्या शरदात तू ती आणलीस, मोडीत मिळाली म्हणालास, चुलीच्या दोन बाजूंना रोवलेल्या दुबेळक्यांवर, दुफाटी लाकडांवर, आडवी टाकून दिलीस. त्याच दिवशी तू ती करडी घोडी घेऊन आला होतास, रँकिनने बक्षीस दिली म्हणून. मी शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजला. त्याच सळईवर उकळलेला.

राख निघाली तसा खालून मुकुट निघाला.

वर्षभर मी हद्दीच्या खुंटावर चहा उकळत होते, एनॉक. फ्लोरा तोच चहा पिऊन त्या सकाळी कुरणात गेली.

मला लिही की ते तू नव्हतास. लिही की कुणी दुसऱ्याने उपटला आणि तुला मोडीत मिळाला. मी मूर्ख बाई आहे, विश्वास ठेवीन. आणि दुसरं, तू पोलिसांचा वाटाड्या झालास असं जोनास म्हणाला. तेही खोटं असेल तर लिही. सायलसने तुला रामराम धाडला आहे, तुझ्या नाकाची चेष्टा केली आहे. त्याला काहीही माहीत नाही.

तू लहान असताना गोठलेल्या तळ्यात पडलास तेव्हा मी कोपरापर्यंत हात घालून तुला केसांनी ओढून काढलं होतं. आज तसं ओढता आलं असतं तर मी दोन्ही हात गमावले असते.

आशीर्वाद देववत नाहीत. उत्तर आल्यावर बघू.
आई

---

पोलीस तळ
१९ ऑगस्ट

ती. आईस,
एनॉकचा शि. सा. न. वि. वि.

खोटं लिहू शकलो असतो. तुला खोटं चालेल असं तूच लिहिलंस. पण तू मुकुट पाहिलास, तर काय लिहू.

मीच दाखवला आणि मीच उपटला. रँकिन म्हणाला, ओढ्याकाठच्या पट्ट्यात नुसती वाळुंजं आहेत, तुम्ही लोक तिथे जातही नाही, कुणाचं काय जातं. मला ती घोडी हवी होती. आपल्याकडे कुणाकडेच तसं जनावर नाही आणि मी तीस वर्षांचा होऊन दुसऱ्याच्या घोड्यांची लीद काढतो. लोखंड फेकवलं नाही, चांगलं लोखंड होतं, म्हणून तुला आणून दिलं. एवढा गाढव मी आहे. त्या पट्ट्यात यंदा गवत येईल, फ्लोरा तिथे दाताळं घेऊन उभी राहील, हे माझ्या मनातही नव्हतं. आई, तिला मी मारलं नाही. मी झोपलो की ती गंजीपुढे उभी असते आणि माझ्याकडे बघते.

वाटाड्या झालो हे खरं. नाही म्हटलं तर सायलसला लपवण्यात सामील म्हणून आत टाकतो म्हणाले. मी त्यांना आठ दिवस चुकीच्या बाजूने फिरवलं. एका पोलिसाला संशय आला, त्याने मला बंदुकीच्या दस्त्याने मारलं. दोन दात गेले.

पण तूच सांग, सायलसला कळलं तर तो मला जिवंत ठेवील का? तू त्याला ओळखतेस. तो बोलतो ते करतो. तो बाहेर असेपर्यंत मी कुठल्याही झाडाखाली निवांत बसू शकत नाही. एक तर तो राहील नाहीतर मी. हे मी मांडलेलं नाही, पण असंच आहे.

तू त्याच्याशी नाहीतरी बोलत नाहीस. तर हेही बोलू नकोस. एवढंच मागतो.

लोभाला मी लायक नाही, पण दुसरीकडे कुठे मागू.
एनॉक

---

सारसतळे
२४ ऑगस्ट

चि. मिको यास अनेक आशीर्वाद.

किटलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं की, सगळीकडे विचारलं, कुणाला काही ठाऊक नाही. रँकिनकडे मागे एक परका मोजणीवाला आला होता म्हणतात, त्याने जुने नकाशे पाहून काढला असेल. मग तो गेला पूर्वेकडे. तेव्हा धन्याला सांग, तो विषय आता सोडायचा. गळा चिरायला माणूसच नाही, तर सुरीला धार लावून काय उपयोग.

आता नीट ऐक. पोलीस पश्चिमेच्या अंगाने होड्या घेऊन निघणार आहेत. एनॉकला त्यांनी जबरदस्तीने बरोबर घेतलं आहे. त्याच्या होडीवर गोळी झाडायची नाही. फ्लोराच्या नावाने सांगते, झाडायची नाही. तो वेडा आहे, भित्रा आहे, पण मला आता तोच आहे हे तुझ्या धन्यानेच लिहिलं होतं.

त्याने उत्तरेला निघून जावं. माझी बहीण तिकडे तीन तळ्यांपलीकडे असते, ती कुणाला काही विचारत नाही. वाटेचं सामान मी स्वतः घेऊन येते. येत्या गुरुवारी, ऊन वर आल्यावर, वाळूच्या टोकाशी. चरबीत कुटलेलं मांस, चहा, दोन जोड कातडी जोडे. फ्लोराने त्याच्यासाठी एक अर्धा शिवून ठेवला होता, तो मी पुरा केला, टाके वेगळे दिसतील. जोनासकडून पाठवलं असतं, पण मला एकदा यायचं आहे. तो रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून बसेल. मी सामान वाळूवर ठेवीन आणि जाईन. बंदूक झाडाला टेकवून ठेव म्हणावं. मला बंदुकांची धास्ती बसली आहे, उगाच दचकून काही होईल.

तो पाठ करून बसलेला दिसला तरी मला पुरे.

लोभ आहे. शेपूट हलवून निरोप पोचता केल्याचं कळव.
कॅरोलीन

---

तुरुंगाचं इस्पितळ
२० सप्टेंबर

सौ. किटलीस सा. न. वि. वि.

हे इथला धोबी बाहेर नेईल, तो आपल्यातला आहे. लेखणी धरता येते. चालता येत नाही.

बाईंना काही विचारायचं आहे. आधी झालं ते सांगतो, म्हणजे उत्तर देताना त्यांना काही गाळावं लागणार नाही.

गुरुवारी मी तोंड धुतलं, केस बांधले. घरी पाहुणा येणार असल्यासारखी जागा झाडली. बाईंची होडी लव्हाळ्यांतून आली. लाल चौकड्यांची शाल डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढलेली. मी बंदूक बर्चला टेकवली, पाण्याकडे पाठ केली आणि वाळूवर बसलो. होडी घासल्याचा आवाज आला. मिको उठला आणि शेपूट हलवत गेला, भुंकला नाही. मला हसू येत होतं. नऊ वर्षांत बाई माझ्याकडे पहिल्यांदा एकट्या येत होत्या. फ्लोरा असती तर तिने आमच्या दोघांच्या वतीने चेष्टा केली असती, हे मनात होतं. पावलं जड वाटली. सामान जड असेल म्हटलं. बघायची मनाई, म्हणून मी बघितलं नाही.

पहिली गोळी कमरेत लागली. मी तोंडावर पडलो, वाळू दातांत गेली. वळून पाहिलं तर शालीखाली एनॉक. दुसरी गोळी माझ्या कानाजवळ वाळूत घुसली. मिकोने त्याचा दंड धरला. त्याने बंदुकीच्या नळीने त्याला दोन वेळा मारलं, तरी सोडेना, तेव्हा पोटात गोळी घातली. मिको माझ्यापर्यंत सरपटत आला. मग लव्हाळ्यांतून पोलीस आले आणि मला उठता येत नाही हे दिसत असून त्यांनी बुटांनी तोंड फोडलं. एनॉक शाल पांघरूनच खाली बसला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. मला त्याचीच कीव आली. पोलिसांनी मागून बंदूक रोखून त्याला पुढे घातलं असेल. त्याला मी दोष देत नाही.

पण शाल बाईंची होती. दिवस बाईंनी ठरवलेला होता. बंदूक टेकवून ठेव हेही त्यांचं. किटले, विचार त्यांना. शाल दिली, की घेतली गेली? त्या काही म्हणाल्या नाहीत तर मी समजेन काय समजायचं ते. मला फाशीची तेवढी भीती नाही. पण हे न कळता मला जायचं नाही.

दुसरं, वकील मिळाला आहे. दुभाष्यातर्फे म्हणतो की ते कुरण आपल्या हद्दीत होतं, खुंट कुणी लबाडीने उपटला होता, हे सिद्ध झालं तर बारा पंच कदाचित फाशीवरून खाली येतील. माणूस आपल्या जमिनीवर उभा होता आणि त्याच्या बायकोला त्याच्या डोळ्यांसमोर तुडवलं, असं होतं. पण खुंट हवा आणि तो उपटणारा हवा. नकाशा रँकिनच्या वकिलाकडेही आहे, आणि त्याचा नकाशा नवा आहे. खटला १४ ऑक्टोबरला.

बाईंवर लोभ होता. आहे की नाही, ते उत्तरावर.
सायलस

---

रँकिनचं कुरण
२८ सप्टेंबर

ती. आईस,

तू माझ्याशी बोलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून लिहितो. ते लोखंड तळ्यात टाक. खोल पाण्यात. रँकिनला कळलं आहे की ते तुझ्याकडे आहे, तो माणसं पाठवणार आहे. मी त्याला म्हटलं, मी घेऊन येतो, आईला हात लावू नका. मी त्याच्या एका माणसाबरोबर शनिवारी येईन. तू मुकाट्याने दे.

सायलस काही केलं तरी सुटणार नाही. तो मेलेलाच आहे, मी अजून मेलो नाही. खुंट हलवणाऱ्याला सात वर्षं देतात. त्या भिंतींत मी सात महिने जगणार नाही. तुझ्या पोटच्या दोघांतला एक तरी बाहेर राहू दे.

लोभ असो नसो, लोखंड तळ्यात टाक.
एनॉक

---

सारसतळे
६ ऑक्टोबर

चि. सायलस यास,
तुझ्या सासूचे, कॅरोलीन पियेसिसचे, अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मी पहिल्यांदा लिहिते आहे. दोन कागद वाया गेले. किटली शाबूत आहे आणि मिकोची जागा घ्यायला गावात पुष्कळ कुत्री आहेत. तरी तुला लिहिते, कारण मिकोला लिहून मी खोटं बोलले. मध्ये कुणी असलं की खोटं सोपं जातं. आपले वाडवडील आदरासाठी ही रीत घालून गेले आणि मी तिच्या आडोशाला लपले. याची मला लाज वाटते.

शाल दिली नाही. बुधवारी धुऊन कुंपणावर वाळत घातली होती, तिथून गेली. वाऱ्याने गेली असेल म्हणून मी ओढ्यापर्यंत शोधत गेले. गुरुवारी सामान घेऊन निघाले तर धक्क्यावर पोलिसांनी माझी होडी अडवली, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. तळ्यावरून गोळ्यांचे आवाज आले तेव्हा माझ्या मांडीवर तुझे जोडे होते. नंतर जोनास म्हणाला की त्याची बादली एनॉकने उघडली, पत्र वाचलं, होतं तसं घडी घालून परत ठेवलं आणि म्हाताऱ्याला जाऊ दिलं. पोलिसांना आपली लिपी येत नाही म्हणून मी निश्चिंत होते. एनॉकला ती मीच शिकवली होती, हे आठवलं नाही. तेव्हा शाल दिली नाही, पण तुला पाठ फिरवून बसवलं ते माझ्याच हाताने. हे मी गाळत नाही.

आता दुसरं. खुंट एनॉकने उपटला. परका मोजणीवाला कुणी नव्हता, तो मी रचला. मला १३ ऑगस्टपासून माहीत होतं. तू त्याचा गळा चिरशील म्हणून लपवलं. माझी एक लेक गेली होती, मला दुसरं मूल गमवायचं नव्हतं. तू त्याला दोष देत नाहीस असं लिहिलंस, ते हे ठाऊक नसताना लिहिलंस.

लोखंड माझ्याकडे आहे. शनिवारी तो आला, रँकिनचा एक माणूस बरोबर. एनॉकने आधी हात जोडले. मग ते लोखंड माझ्या हातातून ओढायला लागला. तीस वर्षांचा बाप्या आणि मी, अंगणात, भर दुपारी, गाव बघत होतं. त्याने मला खाली पाडलं. माझं डोकं दुबेळक्याला लागलं. मी उठले आणि तेच लोखंड त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडलं. तोच आवाज मी कुरणात ऐकला होता. तो आई म्हणून ओरडला. मी परत उचललं. खरं सांगते सायलस, डोकं दिसत होतं मला त्याचं, केस दिसत होते, ज्या केसांनी त्याला पाण्यातून काढलं ते. खाली टाकलं नाही, पण मारलंही नाही. त्या दुसऱ्या माणसाने हसत हसत माझ्या छपराला काडी लावली. घर तासाभरात गेलं. एनॉक मोडका हात पोटाशी धरून जळत्या घराकडे बघत उभा होता, मग तो रँकिनच्या माणसाबरोबर न जाता एकटाच रस्त्याने गेला. कुठे गेला मला माहीत नाही. मी हाक मारली नाही.

आपल्यावर नेमलेल्या सरकारी एजंटकडे राखीव वस्ती सोडून बाहेर जायच्या परवानगीची चिठ्ठी मागितली. दिली नाही. बिनचिठ्ठीची निघते आहे. जोनास बरोबर येतो, चार दिवसांची वाट आहे. लोखंड घागऱ्याच्या आत मांडीला बांधलं आहे. चालताना लागतं, लागू दे.

१४ तारखेला मला पिंजऱ्यात उभं करतील आणि तू समोर असशील. मी एनॉकचं नाव घेईन. घोडीचंही सांगीन. माझ्या पोटचा शेवटचा जीव मी त्या बारा परक्या माणसांच्या हाती देईन आणि मग मला रात्रंदिवस मनाने त्याच्याबरोबर राहावं लागणार आहे, तो कुठेही असला तरी. तू त्याला कधी माफ कर असं मी म्हणणार नाही. मी स्वतः करीन की नाही, ठाऊक नाही.

तुझ्याकडून एकच हवं. मी बोलायला लागले की तू रिवाजाने पाठ फिरवशील. नऊ वर्षांत तू एकदाही चुकला नाहीस. पण त्या पंचांना आपली रीत माहीत नाही. साक्षीदाराकडे पाठ करणारा माणूस त्यांना गुन्हेगार दिसेल. तेव्हा फिरवू नकोस. कितीही लाज वाटली तरी सरळ माझ्या तोंडाकडे बघ. मी डोक्यावर काही घेणार नाही.

नऊ वर्षं न बघता लोभ केलास. आता एकदा बघून कर.
तुझी सासू,
कॅरोलीन